सत्ताविसाव्या प्रकरणाची रखडपट्टी

समोरची शिवणवाली माझ्या ओरडण्यावर घड्याळ लावते. सकाळी दहाला गिरणी सुरू होते, गिरणी सुरू झाली की विजेचा दाब पडतो, दाब पडला की आमचा कॉम्प्युटर मान टाकतो आणि मी ओरडते. "दहा वाजले," असं म्हणून ती चहा टाकते. मी तापट आहे हे अख्ख्या गावाला ठाऊक आहे. तुम्हाला मागाहून कळण्यापेक्षा आत्ताच कळलेलं बरं.

पण माझंही ऐकून घ्या. तीन तास डोकं पिकवून एक वाक्य जमत आणावं, 'दार उघडलं आणि तिनं पाहिलं की' इथपर्यंत यावं, आणि पडदा काळा! काय पाहिलं तिनं? मला काय ठाऊक! वीज आल्यावर ते वाक्य परत येत नाही, आलंच तर पाणी घातल्यासारखं पातळ होऊन येतं. आणि लोक म्हणतात, गावात बसून कादंबऱ्या लिहिता, किती छान, केवढी शांतता. या म्हणावं एकदा राहायला.

मी एकटी लिहीत नाही. मी आणि वन्सं, म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण, अशा दोघी मिळून लिहितो. खुनाच्या कादंबऱ्या. पुस्तकावर दोघींचं मिळून एकच टोपणनाव असतं आणि ते पुरुषाचं आहे, कारण आमच्या प्रकाशकाच्या मते नणंद-भावजयींनी लिहिलंय म्हटल्यावर लोक स्वयंपाकाचं पुस्तक समजतील. नऊ झाली, दहावं चाललं होतं.

आमचा एक दंडक आहे. विषम प्रकरणं माझी, सम त्यांची. एकीचं चाललेलं असताना दुसरीनं त्या खोलीत डोकवायचं नाही, आणि एकीनं लिहिलेलं दुसरीनं बदलायचं नाही. जे हातात पडेल ते निस्तरायचं. एकदा त्यांनी आठव्या प्रकरणाच्या शेवटी माझ्या इन्स्पेक्टरला कोरड्या विहिरीत ढकललं, वर झाकण ठेवलं आणि शांतपणे चहा प्यायला येऊन बसल्या. "काढ आता," म्हणाल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी काढला.

कॉम्प्युटरला आम्ही जावईबुवा म्हणतो. एका बंद पडलेल्या कचेरीतून घेतलेला, वयस्कर, आणि कधी कशावरून रुसेल त्याचा नेम नाही. उन्हाळ्यात त्याला पंखा लागतो, आम्हाला नसला तरी चालतो. मी सात ते दहा लिहिते, वन्सं दोन ते पाच, कारण मधे आणि नंतर गिरणी चालते. प्रत्येक परिच्छेदानंतर सेव्ह करायचं. दिवस संपला की सगळं पेनड्राइव्हवर घ्यायचं आणि तो दोऱ्यानं खिळ्याला टांगायचा, म्हणजे तो हरवला तर निदान कुठून हरवला ते कळतं. इंटरनेटचं म्हणाल तर ते पाण्याच्या टाकीच्या जिन्यावर मिळतं, नवव्या पायरीवर. आठवीवर काही नाही, दहावीवरही काही नाही. फोनसुद्धा तिथूनच धड लागतो. लिहिलेलं प्रकाशकाला पाठवायचं म्हणजे दोघींनी टाकीवर जायचं, मी फोन डोक्यावर धरून उभं राहायचं आणि वन्संनी खालच्या पायरीवर बसून "गेलं का? गेलं का?" विचारायचं.

आणि एवढं सांभाळूनही बंद पडलाच, तर टेस्टरला बोलवायचं. टेस्टर म्हणजे बाजारपेठेत दुरुस्तीचं दुकान असलेली बाई. चाळिशीची, अंगानं काटक, टेस्टर कायम अंबाड्यात खोचलेला. पाण्याच्या पंपापासून टीव्हीपर्यंत सगळं ती दुरुस्त करते आणि आमची पुस्तकंही वाचते. पहिल्यांदा घरी आली तेव्हा नमस्कार न करता म्हणाली, "काकू, तिसऱ्या पुस्तकात तुम्ही ज्या पद्धतीनं शॉक देऊन माणूस मारलाय ना, तसा माणूस मरत नाही. दिवा लागतो फक्त." ते वन्संचं प्रकरण होतं, पण बोलणी मी खाल्ली.

असं आमचं नऊ पुस्तकं रडतखडत, ओरडत, पण मजेत चाललं होतं.

मग वन्संच्या मुलाचा फोन आला. तो शहरात असतो. नवं घर घेतलं होतं, आईसाठी वेगळी खोली काढली होती, खिडकी पूर्वेला. "आई, आता इकडेच ये कायमची," म्हणाला. वन्संनी पायरीवर उभं राहूनच उत्तर दिलं, "हे पुस्तक संपू दे रे, मग येते." खाली उतरल्यावर त्यांनी मला सगळं सांगितलं आणि माझ्या तोंडाकडे पाहत राहिल्या. आणि मी मूर्ख, मी काय म्हणाले? "बरं झालं," म्हणाले.

दुसरं काय म्हणणार? माझा नवरा जाऊन सात वर्षं झाली. भावाच्या आजारपणात वन्सं दोन महिन्यांसाठी म्हणून आल्या, तो गेल्यावर महिनाभर म्हणून थांबल्या, आणि मग कुणी काही बोललं नाही, त्या राहिल्या. पहिल्या वर्षी मला झोप येत नसे. तेव्हा त्यांनी एकदा सकाळी चहा पिता पिता म्हटलं, "समज, एका सावकाराचा कुणीतरी गळा दाबला. कुणी दाबला असेल?" मी तीन आठवड्यांत पहिल्यांदा दुसऱ्या कशाचा तरी विचार केला. आमचं पहिलं पुस्तक ते. आता त्यांच्या पोटच्या मुलानं त्यांना बोलावलं, खोली रंगवली, आणि मी कोण त्यांना अडवणारी? नातं त्यांच्या भावामुळं, आणि तो भाऊच नाही. एवढं सगळं मनात आलं आणि ओठांवर आलं ते "बरं झालं".

तर सांगायचं असं, की एकविसावं प्रकरण लिहून झाल्यावर मी पडद्यामागची वायर सैल केली.

हो, मीच. लपवून काय करू? पुस्तक संपलं की त्या जाणार, म्हणजे पुस्तक संपता कामा नये, एवढाच हिशेब. प्रकरण पूर्ण केलं, सेव्ह केलं, पेनड्राइव्ह खिळ्याला टांगला, मग वायर बोटानं अर्धी बाहेर ओढली आणि हाक मारली, "वन्सं, जावईबुवा रुसले हो!" टेस्टरला यायला पाच दिवस लागले. पाच दिवस मिळाले मला. आम्ही अंगणात बसून पुढच्या खुनावर भांडलो, फार छान गेले ते दिवस.

वायर लागली. वन्संनी बाविसावं लिहिलं, आणि ते संपलं त्या संध्याकाळी माउस हलेना. मी काहीही केलं नव्हतं! टेस्टरनं माउस उघडला तर त्याच्या पोटात कापूस. "धूळ साचते," वन्सं म्हणाल्या. टेस्टर म्हणाली, "धूळ साचते, कापूस भरावा लागतो." पण आणखी आठ दिवस मिळाले आणि मी मनातल्या मनात जावईबुवांची दृष्ट काढली. मला वाटलं, मशीन आपल्या बाजूचं आहे. खुनाच्या नऊ कादंबऱ्या लिहिलेली बाई मी! काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा.

तेविसाव्यानंतर मी एक्स्टेन्शन बोर्डात जळका फ्यूज घातला. चोविसाव्यानंतर पडदा आपोआप काळा झाला, कॉम्प्युटर चालू पण दिसत काही नाही. टेस्टर आली, एक बटण चार वेळा दाबलं, उजेड आला. "कुणीतरी उजेड शून्यावर नेला होता," एवढंच म्हणाली आणि वहीत लिहून घेतलं. ती प्रत्येक दुरुस्ती तारखेनिशी वहीत लिहिते. पंचविसाव्यानंतर मी मुख्य वायरच काढून तांदळाच्या डब्यामागे ठेवली आणि उंदरांनी नेली असं सांगितलं.

"काकू, उंदीर वायर कुरतडतात," टेस्टर म्हणाली. "गुंडाळी करून, रबर लावून नेत नाहीत." वायर तिलाच सापडली होती. मी म्हटलं, आमच्याकडचे उंदीर टापटिपीचे आहेत.

इकडे प्रकाशकाचा जीव जात होता. एरवी चार दिवसांत होणारं प्रकरण पंधरा-पंधरा दिवस घेत होतं. तीन महिने झाले. शेवटी त्यानं निरोप धाडला की या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत शेवटचं प्रकरण आलं नाही, तर छपाईची जागा दुसऱ्याला जाईल आणि तुमचं पुस्तक पुढच्या वर्षी. मला काय, मला आनंदच झाला असता. पण त्याच दिवशी वन्संच्या मुलाचाही फोन आला, रविवारी गाडी घेऊन येतो म्हणून. पुस्तक झालेलं असो वा नसो.

बुधवारी वन्संनी सव्विसावं संपवलं, राहिलं माझं शेवटचं सत्ताविसावं. गुरुवारी सकाळी सहाला मला जाग आली आणि माझी मलाच लाज वाटली. एका आईला आपण तिच्या मुलापासून अडवून धरतोय, तेही वायरी ओढून! बाकी काही नाही तरी पुस्तक तरी धड पूर्ण करून तिच्या हातात द्यावं. एवढं पुरं झालेलं पाहून जाऊ दे तिला. मी डोळे पुसले, आंघोळ केली, सातला बरोबर खुर्चीवर बसले आणि बटण दाबलं. जावईबुवांनी तीन वेळा टूं टूं टूं केलं आणि गप्प.

मी काही केलं नव्हतं. शपथ घेऊन सांगते. मी वायरी पाहिल्या, फ्यूज पाहिला, उजेड पाहिला, माउसचं पोटसुद्धा पाहिलं. टूं टूं टूं. मी इतकी ओरडले की शिवणवालीनं सातलाच चहा टाकला.

"वन्सं! अहो खरंच बंद पडलाय हो!"

"खरंच म्हणजे?" वन्सं दारात उभ्या राहून म्हणाल्या.

"खरंच म्हणजे खरंच!" मी म्हटलं आणि जीभ चावली. पण त्यांनी पुढं काही विचारलं नाही. कोमट पाण्याचा पेला हातात घेऊन त्या खिडकीशी जाऊन उभ्या राहिल्या.

टाकीवर धावत जाऊन मी टेस्टरला फोन केला. माझा आवाज ऐकून ती दुपारी दोनलाच हजर झाली. जमिनीवर चादर अंथरली, जावईबुवांना आडवं केलं, अंबाड्यातला टेस्टर काढला आणि एकेक स्क्रू काढून बशीत ठेवायला लागली. आम्ही दोघी दोन बाजूंना बसलो, एखाद्याचं ऑपरेशन चालू असल्यासारख्या. झाकण निघालं. तिनं आत पाहिलं, टॉर्च लावून पुन्हा पाहिलं, मग मांडी घालून बसली आणि वही काढली.

"रॅम नाहीये यात," ती म्हणाली. "हिरवी पट्टी असते बोटाएवढी. तिच्याशिवाय हा जागा होत नाही. आणि ती सैल होऊन पडत नाही, खटके दाबून काढावी लागते."

"चोर आला असेल," मी म्हटलं.

"चोरानं कॉम्प्युटर उघडला, एक पट्टी काढली, सहा स्क्रू परत घट्ट बसवले आणि गेला?" टेस्टरनं माझ्याकडे अशी काही नजर टाकली की तिसऱ्या पुस्तकातला शॉक आठवला. "काकू, आत्या, मी एक वाचून दाखवते." तिनं वहीची पानं उलटली. "ही मागच्या वर्षीची. 'काकूंचा फोन. अर्ध्या वाक्यात गेला म्हणतात. शिव्या दिल्या.' 'काकूंचा फोन. दार उघडलं आणि तिनं पाहिलं की, इथं गेला. फार शिव्या दिल्या.' 'आत्यांचा फोन. प्रेत उचलत असताना गेला.' अशा एकोणीस नोंदी आहेत. आता या तीन महिन्यांच्या ऐका. 'प्रकरण एकवीस संपलं, मग वायर.' 'बावीस संपलं, मग माउस.' तेवीस संपलं, मग फ्यूज. चोवीस, पंचवीस, सव्वीस. दर वेळी प्रकरण पूर्ण. दर वेळी सेव्ह केलेलं. दर वेळी पेनड्राइव्ह खिळ्याला. आणि कुणी मला एक शिवी दिली नाही."

आम्ही दोघी चादरीकडे पाहत होतो.

"मशीन असं कधी मरत नाही," टेस्टर म्हणाली. "मशीन वाक्यात मरतं. प्रकरण संपायची वाट पाहायला ते काय लेखक आहे? एक अक्षर वाया जाऊ न देता बिघाड करणारी माणसं या गावात दोनच आहेत. मला सांगायचं नसेल तर सांगू नका. मी समोर शिवणवालीकडे चहा घेते. परत येईन तेव्हा पट्टी या चादरीवर पाहिजे."

आणि गेली बाई! आमच्याच घरात, आमच्याच पुस्तकांतल्यासारखं सगळ्यांना एका खोलीत कोंडून गेली. एवढा अपमान नऊ पुस्तकांत झाला नव्हता.

चोराच्या मनात चांदणं म्हणतात, माझ्या मनात तर भर दुपार झाली होती.

"वायर मी काढली," मी म्हटलं.

वन्संनी मान वर केली. "कुठली?"

"एकविसाव्याची. फ्यूजही मीच. आणि उंदीर... उंदीर मीच."

"उंदीर तूच हे मला कळलं होतं," वन्सं म्हणाल्या. "रबर तुझ्या वेणीचं होतं." मग त्यांनी कमरेची चंची काढली, तिच्यातून रुमाल काढला, रुमालाच्या चार घड्या उलगडल्या आणि हिरवी पट्टी चादरीवर ठेवली. हळूच, लहान बाळाला ठेवावं तशी. "कापूस मी भरला. उजेडही मीच घालवला. आणि ही कशी काढायची ते टेस्टर मागे दुरुस्त करत होती तेव्हा पाहून ठेवलं होतं."

मला एकदम हसू यायला हवं होतं. त्याऐवजी माझा पारा चढला.

"का?" मी ओरडले. "मी काढली ती काढली, माझं कारण होतं! तुमचं काय अडलं होतं? तुमच्या मुलानं खोली रंगवली, पूर्वेची खिडकी, रविवारी गाडी येतेय! तुम्हाला जायचं होतं ना?"

"मला जायचंय असं मी कधी म्हटलं?"

"पुस्तक संपलं की येते म्हणालात!"

"मग दुसरं काय म्हणू? त्यानं बोलावलं. मी खाली उतरून तुझ्या तोंडाकडे पाहिलं. वाटलं, ही म्हणेल काहीतरी. तू म्हणालीस, बरं झालं." वन्संचा आवाज मी सात वर्षांत कधी चढलेला ऐकला नव्हता, तो चढला. "अगं, भावाचं घर, भाऊ नाही. भावजयीनं बरं झालं म्हटल्यावर नणंदेनं काय दाराला धरून बसायचं? मी म्हटलं, सात वर्षं सांभाळलं हिनं, आता कंटाळली असेल. निदान पुस्तक आहे तोवर तरी राहू. मग पुस्तकच लांबवत बसले."

मला रडू फुटलं. मला रडताना नीट बोलता येत नाही, ओरडताना येतं, म्हणून मी ओरडूनच म्हटलं, "जाऊ नका! ऐकलंत? मला तुम्ही हव्या आहात. पुस्तकासाठी नाही, अशाच. सकाळी उठल्यावर घरात कुणीतरी खाकरलेलं ऐकायची सवय झालीय मला. जाऊ नका!"

वन्संनी पदरानं नाक पुसलं.

"हे तीन महिन्यांपूर्वी म्हणाली असतीस," त्या म्हणाल्या, "तर पुस्तक वेळेत गेलं असतं."

टेस्टर परत आली तेव्हा आम्ही दोघी लाल डोळ्यांनी हसत बसलो होतो. तिनं पट्टी उचलली, खटकन बसवली, जावईबुवा उठले. तिनं वहीत काय लिहिलं ते मला दिसलं नाही, पण बराच वेळ लिहीत होती.

आता खरी पंचाईत पुढं होती. मुलाला काय सांगायचं? "त्यानं एवढ्या हौसेनं खोली केली," वन्सं सारख्या म्हणत होत्या. "नको म्हटलं तर त्याला काय वाटेल? आणि रविवारी तो आलाच, समोर उभा राहिला, तर मला नाही म्हणवणार नाही गं. मी बसेन गाडीत. मला माहीत आहे मी कशी आहे ते."

मलाही माहीत होतं. सम प्रकरणांत माणसं विहिरीत ढकलणारी ही बाई स्वतःच्या मुलापुढं मऊ मेण होते. मी म्हटलं, आधी प्रकरण संपवू.

शुक्रवारी सकाळी आम्ही दंडक मोडला. पहिल्यांदाच दोघी एका टेबलाशी बसलो, टायपिंग माझं, वन्सं शेजारी स्टुलावर. दोघींना दोन वेगळे खुनी हवे होते त्यावरून तासभर गेला. साडेनऊला खुनी ठरला. मग सुसाट सुटलो, सेव्ह करायचं भानच राहिलं नाही. 'इन्स्पेक्टर वळला आणि म्हणाला की' इथपर्यंत आलो आणि दहा वाजले, गिरणी सुरू झाली, पडदा काळा.

मी ओरडले. पण वन्सं टाळ्या वाजवत होत्या. "वाक्यात गेला! अगं, वाक्यात गेला! हा खरा गेला!" आणि मग मलाही हसू आवरेना. तीन परिच्छेद पाण्यात गेले होते आणि आम्ही दोघी पोट धरून हसत होतो. शिवणवाली चहा घेऊन दारात आली आणि कोण गेलं म्हणून घाबरून विचारायला लागली.

मी तशीच गिरणीत गेले. गिरणीवाल्याला सांगितलं, आज दुपारपर्यंत जातं बंद ठेव, नाहीतर पुढच्या पुस्तकात पहिल्या पानावर तुला मारते. तो म्हणाला, दुसऱ्या पानावर मारा, पहिल्यावर जरा बोलू द्या. आणि बंद ठेवलं बिचाऱ्यानं. साडेचारला सत्ताविसावं संपलं.

पाच वाजता आम्ही टाकीवर. खाली नळाला ही गर्दी, घागरी, बादल्या, बायकांच्या गप्पा. मी नवव्या पायरीवर फोन डोक्यावर धरून उभी. "गेलं का?" चाळीस टक्के. "गेलं का?" साठ. वारा सुटला, परत चाळीस. पावणेसहाला गेलं. प्रकाशकाचा लगेच निरोप आला, मिळालं, आभार, खुनी कोण ते सांगू नका.

मी फोन वन्संच्या हातात दिला. त्या आठव्या पायरीवरून नववीवर आल्या, मी आठवीवर उतरले. त्यांनी मुलाला लावला.

"अरे, मी बोलतेय. रविवारी गाडी घेऊन ये, पण एकटा ये आणि जेवायला ये. मी... अरे, मी येणार नाहीये राहायला." अगदी हळू आवाजात. पलीकडून काहीतरी खरखर झाली. "काय? नाही, भांडण नाही. मामी? मामीला त्रास? तुला कुणी सांगितलं?" वन्संनी फोन छातीशी धरून माझ्याकडे पाहिलं. "हा म्हणतो, इतकी वर्षं मामीवर भार टाकलाय याची त्यालाच लाज वाटत होती, म्हणून त्यानं खोली केली."

"भार?" मी आठव्या पायरीवरून गरजले. "द्या इकडं, मी बोलते त्याच्याशी! भार म्हणे!"

"थांब, थांब. अरे, ऐकतोयस ना? मी इथं... हॅलो? ऐकू येतंय?" रेंज गेली, आली. "मी म्हटलं, मला इथं बरं वाटतं. इथं! हॅलो?" वन्संनी फोन कानावर दाबला, दुसऱ्या कानात बोट घातलं. आयुष्यभर हळू बोललेली ती बाई टाकीच्या जिन्यावर उभी राहून जीव तोडून ओरडली, "अरे, मी इथंच राहणार! तुझ्या मामीजवळ! हे माझं घर आहे!"

खाली नळाला सगळं चिडीचूप झालं. घागर भरून वाहत होती तरी कुणी सरकवेना. सगळ्या बायका वर पाहत होत्या. फोनमधून मुलाचं हसणं स्वच्छ ऐकू आलं, "कळलं, आई, कळलं. ओरडू नकोस, रविवारी जेवायला येतो."

वन्संनी फोन बंद केला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाल्या होत्या. गावभर झालं म्हणून लाजून घाईघाईनं पायऱ्या उतरायला लागल्या. पण आठव्या पायरीवर मी उभी होते आणि मी बाजूला झाले नाही.

"वन्सं," मी म्हटलं, "मला नीट ऐकू आलं नाही. परत सांगा."